समुद्रापाशी जाऊन पोळ्याच लाटायच्या का?

पत्र

ताई, नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही आठ जण कोकणात जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, आमची नऊ आणि चार वर्षांची मुलं, सासू-सासरे, दीर आणि जाऊबाई. मिस्टरांनी गुहागर तालुक्यात सड्यावरचं एक अख्खं घर बघून ठेवलंय. खाली सगळा खडकाळ किनारा, गच्चीतून समुद्र, स्वयंपाकघर भांड्याकुंड्यांसकट. हॉटेलात चार खोल्यांचे रोजचे १४ हजार होतात, घराचे ९ हजार. पाच रात्रींत २५ हजार वाचतात म्हणतात, आणि ‘जेवणाचं काय, आपलं आपण करून घेऊ’. ताई, हे ‘आपण’ म्हणजे मी. मागच्या वर्षी चिखलदऱ्याला असंच घर घेतलं होतं. सगळे भीमकुंड बघून आले, मी पोळ्या लाटत होते. सासूबाई बाहेरचं खात नाहीत, मासळी शिजलेल्या भांड्यातलं तर मुळीच नाही. मिस्टरांना आणि भाऊजींना मात्र रोज ताजी मासळी पाहिजे. तुळशीच्या लग्नाला घरी परत यायचं आहे. मी नको म्हटलं तर ‘हिला पैशाची किंमत नाही’ असं होतं. काय करू?
– एक सून, प्रतापनगर, नागपूर

उत्तर

घर घ्या. तुम्हाला बहुतेक उलट उत्तराची आशा होती, म्हणून आधीच सांगून टाकते. सासूबाईंचे नियम, चार वर्षांचं लेकरू आणि आठ माणसं एवढं घेऊन पाच दिवस हॉटेलात राहिलात तर सासूबाई दहीभात आणि केळ्यांवर दिवस काढतील. ‘आईनं काही खाल्लं का’ हे विचारायला सगळे तुमच्याकडेच बघतील, आणि तुम्ही हॉटेलच्या भटारखान्यात जाऊन वेगळ्या कढईसाठी विनवण्या करत बसाल. घरात निदान कढई आपल्या हातात असते.

पण मिस्टरांचा हिशेब कच्चा आहे. आठ माणसांच्या एका वेळेच्या पंचवीस पोळ्या धरा, दोन वेळच्या पन्नास. त्यात सकाळचा नाश्ता, दोनदा चहा, मधेच मुलांना काहीतरी, आणि हे सगळं परक्या ओट्यावर, जिथे चिमटा कुठे आणि मीठ कुठे ते शोधण्यातच पहिले दोन दिवस जातात. वाचलेले २५ हजार आकाशातून पडलेले नाहीत, ते तुमच्या पाच दिवसांची किंमत आहेत. तेव्हा त्या पैशांतला एक भाग स्वयंपाकाच्या माणसावर खर्च करायचा, असं ठरलं तरच घर. हे मिस्टरांना रागानं सांगू नका, कागदावर मांडून दाखवा. हिशेबी माणसाला हिशेबच पटतो.

यात नवीन असं काहीच नाही. आपल्या विदर्भात जंगलातल्या जुन्या विश्रामगृहांवर हेच चालायचं. डाळ-तांदूळ, तेल-तिखट आपण न्यायचं आणि खानसामा शिजवून द्यायचा. कोकणात अशा भाड्याच्या घरांना राखणदार असतो, त्याच्या घरची किंवा वाडीतली एखादी वहिनी स्वयंपाकाला येते. कित्येक ठिकाणी तर तेच घरगुती जेवण शिजवून डब्यात आणून देतात. मालकाला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: स्वयंपाकाला कोण येईल, किती वाजता येईल, माणशी घेईल की दिवसाचे घेईल? मालक म्हणाला की ‘बघू, आल्यावर होईल काहीतरी’, तर ते घर सोडून द्या. आल्यावर जे काही होतं ते तुम्ही चिखलदऱ्याला पाहिलंच आहे.

माझा सल्ला असा की दुपारचं पूर्ण जेवण त्या वहिनींकडे द्यायचं. शिधा तुमचा, भांडी तुमची आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर शिजलेलं. सकाळी पोहे किंवा उपमा, तो भाऊजी आणि जाऊबाईंच्या वाटणीला. रात्री मुगाची खिचडी किंवा पिठलं-भात, तो तुमच्या मिस्टरांच्या आणि तुमच्या. पोळ्या दिवसातून एकदाच, त्याही दुपारी. कोकणात तांदूळ चांगला मिळतो, पाच दिवस रात्री भात खाल्ल्यानं कुणाला काही होत नाही. आणि सासूबाईंनाही बसवून ठेवू नका. त्यांच्या हातचं गोड वरण किंवा गोळाभात एके दिवशी होऊ द्या. ज्या बायकांनी जन्मभर घर चालवलं त्यांना परक्या घरात नुसतं खुर्चीत बसवलं की त्या दुसऱ्यांच्या हातातल्या चुका मोजायला लागतात.

आता मासळी. माझं मत सरळ आहे: त्या स्वयंपाकघरात मासळी शिजवायचीच नाही. सासूबाईंना त्याच ओट्यावर शिजलेलं जेवायचं आहे, आणि बांगड्याचा वास दुसऱ्या दिवशीही जात नाही. पुरुष मंडळींना हवी तर दुपारी गुहागरला खाणावळीत जाऊन खावी. नाहीतर राखणदाराच्या घरी शिजवून घ्यावी आणि पडवीत बसून खावी. फारच हौस असेल तर मालकाला विचारून अंगणात चूल मांडावी, वेगळा तवा घ्यावा, आणि आणणं, साफ करणं, तळणं, तवा घासणं सगळं दोघा भावांनी करावं. अट मात्र एकच: यातलं कोणतंही काम अर्ध्यावर तुमच्याकडे येणार नाही.

त्यांच्यासाठी दोन ओळी इथेच लिहून ठेवते. आपल्याकडे रोहू-कतला घेतानाची पारख समुद्राच्या मासळीलाही चालते. माशाचा डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला नको. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा, तपकिरी झाला असेल तर पुढे चला. बोटानं दाबलं तर खड्डा लगेच भरून यायला हवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, दिवाळीत ती अडचण नाही, आणि त्या दिवसांत बांगडा चांगला मिळतो. पापलेटच्या मागे न लागता बांगडा घ्या. साफ करून दोन्ही अंगांना तिरप्या चिरा पाडायच्या. मीठ, हळद, लाल तिखट आणि कोकमाचं आगळ चिरांच्या आत बोटानं भरून अर्धा तास ठेवायचं. मग तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवायचं आणि तव्यावर टाकायचं. एक बाजू कुरकुरीत होईस्तोवर उलथनं लावायचं नाही, नागपूरकराचं घाईचं उलथनं लागलं की साल तव्याला आणि काटे ताटात. आणि सावजी मसाल्याची पुडी कृपा करून घरी ठेवून जा. मटणाला तो शोभतो. ताज्या बांगड्याला लावला तर बांगडा कशाला आणला, हाच प्रश्न पडतो.

घराबद्दल मला खरी काळजी स्वयंपाकघराची नाही, अंगणाची आहे. घर सड्यावर आहे म्हणता. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं पठार, आणि समुद्राच्या बाजूला त्याला कडा असतो. पावसाळ्यानंतर त्यावर गवत उभं असतं, दिवाळीपर्यंत ते वाळून पिवळं होतं पण पडत नाही. कडा नेमका कुठे संपतो ते मोठ्या माणसालाही त्या गवतातून कळत नाही, चार वर्षांच्या पोराची तर गोष्टच सोडा. म्हणून मालकाला फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल करायला लावा. राखणदाराला सांगा की दारातून निघून समुद्राच्या बाजूनं चालत जा आणि फोन समोर धर. कुंपण आहे का, गडग्याची, म्हणजे दगडी बांधाची, उंची किती, फाटकाला कडी आहे का, गच्चीचा कठडा मुलाच्या छातीच्या वर आहे का, हे सगळं त्या दोन मिनिटांत दिसतं. कड्याकडे कुंपण नसेल तर कितीही स्वस्त असो, ते घर तुमच्यासाठी नाही. तिथे तुम्ही स्वयंपाकातून सुटाल आणि दिवसभर पोरामागे पळाल.

त्याच कॉलमध्ये संडास बघून घ्या, सासूबाईंच्या गुडघ्यांना खुर्चीचाच लागेल. किनाऱ्यावर उतरायला पायऱ्या किती आहेत तेही विचारा. खडकाळ किनाऱ्यावरच्या घरांना ‘समुद्र दोन मिनिटांवर’ असं लिहायची सवय असते, ती दोन मिनिटं बहुधा सरळ खाली असतात. रात्री अंगणात जाताना पायात बूट आणि हातात विजेरी पाहिजेच. जांभ्याच्या सड्यावर फुरसं असतं, साप लहान पण विषारी. दगडांच्या फटीत मुलांना हात घालू देऊ नका. असं काही झालंच तर गावठी उपाय नको, १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठायचं. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठी सोय चिपळूणच्या बाजूला.

प्रवासाचं थोडक्यात. नागपूर ते मडगाव अशी एक विशेष गाडी आठवड्यातून दोनदा धावत आलेली आहे, ती चिपळूणला थांबते. आई-बाबा बरोबर असताना मधे गाडी बदलण्यापेक्षा तीच बरी. मात्र विशेष गाडी असल्यानं तिची मुदत वाढवत नेतात, तेव्हा तुमच्या तारखांना ती आहे ना ते बघूनच घराचे पैसे भरा, उलट करू नका. ती नसेल तर रात्रीची मुंबईची गाडी धरून तिथून कोकण रेल्वे. नेहमीच्या गाड्यांचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि दिवाळीचं पहिल्याच सकाळी संपतं. समृद्धीवरून गाडीनं जायची भाऊजींची कल्पना असेल, तर सांगा की महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि तो ठाणे जिल्ह्यात आमणेला संपतो. खरा कोकणचा रस्ता त्याच्या पुढे आहे, आणि आठ माणसं एका गाडीत मावत नाहीत. चिपळूणला उतरून पाच दिवसांसाठी मोठी गाडी ठरवून घ्या. गुहागर तिथून साधारण पंचेचाळीस किलोमीटर, आणि सड्यावर रात्री रिक्षा बोलावून येत नाही.

चिपळूणलाच बाजार करा. कोकणात पालेभाजी-फळभाजी बरीचशी घाटावरून येते, गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही आणि मिळाली तरी महाग. दुकानं दुपारी जेवणाला बंद होतात ती चारनंतर उघडतात, हे लक्षात न ठेवल्यानं अनेक नागपूरकर भर उन्हात बंद शटरसमोर उभे राहतात. नागपूरहून कणीक, तूरडाळ, तिखट, चहाची पत्ती, सासूबाईंची दोन-तीन पातेली आणि पाच लिटरचा कुकर शिट्टी-रिंगसह, बस. तांदूळ, नारळ, कोकम तिथलंच घ्या. शेगडी आणि छोटा सिलिंडर न्यायचा विचार कुणी बोलून दाखवला तर तिथेच मोडून काढा, रेल्वेत तो गुन्हा आहे. मालकाला मात्र विचारा की घरात भरलेला दुसरा सिलिंडर आहे का. आठ माणसांच्या स्वयंपाकात पहिला संपतो तो नेमका रात्री कुकर चढवल्यावर.

तुमच्या तारखा मला फार आवडल्या, त्याचं कारण समुद्राशी आहे. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. तृतीयेला निघालात तर चतुर्थीला पोचाल, पाच रात्री राहून नवमीला परत फिराल आणि तुळशीच्या लग्नाआधी घरी. आता किनाऱ्यावरची माणसं भरतीचा अंदाज तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेनऊ-दहाला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. घड्याळात थोडं मागंपुढं होतं, नेमकी वेळ फोनवर बघून घ्या, पण दिवसाची आखणी या पाढ्यावर होते. गाडीच्या वारांमुळे तारीख एखाद्या दिवसानं सरकली तरी पाढा तोच.

म्हणजे खडकांवर फिरायचं, डबक्यांतले खेकडे आणि शंख मुलांना दाखवायचे, ते सकाळच्या ओहोटीला. खाली पाणी नसतं तेव्हाच हा किनारा बघायला मिळतो. पायात पट्ट्याच्या चपला हव्यात, साधी स्लिपर शेवाळावरून सटकते, आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. सुरुवातीच्या पहिल्याच सकाळी मिस्टरांनी मुलांना घेऊन जावं आणि तुम्ही बरोबर जावं, घरी कुणी थांबायचं असेल तर ते तुम्ही नाही.

हेदवीला दशभुजा गणपती आहे, सासूबाई खूष होतील. तिथून खाली समुद्रावर बामणघळ आहे. किनाऱ्याच्या खडकात पडलेली लांब चिंचोळी भेग, भरतीची लाट तिच्यात शिरली की पुढे जायला जागा नसते म्हणून पाणी सरळ वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती एक घळ दिसेल आणि भाऊजी म्हणतील, ‘यासाठी एवढं आलो?’ म्हणून पंचमीला किंवा षष्ठीला दुपारी साडेतीन-चारला पोचा. अष्टमीपर्यंत थांबू नका, तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं. मुलांना आधी एकेका मोठ्याच्या हवाली करा, नाव घेऊन: मोठा भाऊजींचा, धाकटा मिस्टरांचा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही. आणि उभं राहायचं ते कोरड्या खडकावर. खडक जिथवर ओला आहे तिथवर लाट नुकतीच येऊन गेलेली असते, ती परत येणार. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हा नियम सासऱ्यांपासून सगळ्यांना.

पोहण्याचा हट्ट होईलच. घराखालच्या खडकांत नाही म्हणजे नाही. एका दुपारी गुहागरच्या पुळणीवर जा. सपाट वाळू, मागे सुरूची झाडं, आई-बाबांनाही चालता येतं. तिथेही गुडघाभर पाण्यापुढे नको, आणि ओहोटी लागली की बाहेर. फुटाळा तलावाच्या काठावर वाढलेल्या आपल्या माणसांना पाणी आत ओढतं म्हणजे काय याचा अंदाज नसतो.

हे वाचून कुणी दुसऱ्या नागपूरकरानं मे-जूनचा बेत केला तर त्याच्यासाठीही एक गोष्ट. मे महिन्यात कोकणात पारा आपल्यापेक्षा दहा अंशांनी खाली असतो, म्हणून थंड वाटेल असं समजू नका. हवेतच इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही, आणि आपला लाडका कूलर तिथे कामाचा नाही, कारण त्याचं सगळं काम पाणी वाळण्यावर चालतं. विदर्भाच्या शाळा जूनअखेर उघडतात म्हणून जूनच्या मध्यावर जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. तोवर तिथे पाऊस सुरू झालेला असतो, समुद्र खवळलेला असतो आणि मासेमारी बंद. दिवाळीच चांगली.

पैसे भरताना पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. व्हिडिओ कॉल झाला, राखणदाराचा नंबर मिळाला, वहिनींशी बोलणं झालं, की मग थोडं आगाऊ आणि उरलेलं पोचल्यावर. स्वयंपाकाचं ठरलेलं मालकाकडून एका मेसेजवर लिहून घ्या.

राहता राहिलं, बाहेरची बाई स्वयंपाक करणार हे सासूबाईंना कोणी सांगायचं. तुम्ही नाही. तुम्ही सांगितलंत तर त्यात आळस दिसेल. मिस्टरांनी सांगायचं, तेही बुकिंगच्या आधी, आणि असं: ‘आई, तू तिथे उभी राहून तुझ्या पद्धतीनं करवून घे, भांडी आपली, वाटण तुझ्यासमोर.’ त्या नाही म्हणाल्या तर स्वयंपाक मुलांनी, म्हणजे त्यांच्या दोन मुलांनी करायचा, हा पर्याय त्याच बैठकीत मिस्टरांनी बोलून दाखवायचा. मग बहुतेक त्या स्वयंपाकाच्या वहिनीच मंजूर होतील.